पत्र्याचें घर व कोंडलेली हवा

फाल्गुन सरतो न सरतो तोंच आपल्या गांवांतील बाजा अंगणांत येऊं लागतात. सकाळीं दहा वाजल्यापासून दिवस कलेपर्यंत पत्र्याखालच्या खोलींत बसवत नाहीं. म्हातारीं माणसें लिंबाच्या सावलीला जातात, बायका दुपारचें निवडणें-टिपणें शेजारच्या एखाद्या जुन्या ओसरीवर नेतात, आणि गोठ्यांत म्हशी धापा टाकीत उभ्या राहतात. हें सर्व आपण उन्हाळ्याचा धर्म समजून सोसतों. परंतु यांतील पुष्कळसा ताप उन्हाळ्याचा नसून छपराचा आहे, व तो बेताच्या खर्चांत कमी करतां येतो, हें वाचकांपुढें मांडावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमच्या लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) जिल्ह्यांत या प्रश्नास एक दुःखाची पार्श्वभूमि आहे. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपति विसर्जन करून लोक निजले असतां, चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला व सरकारी मोजणीप्रमाणें सुमारें आठ हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. मातींत रचलेल्या रुंद दगडी भिंती ढासळल्या आणि माळवदांवरील मातीचे थर निजलेल्या माणसांच्या अंगावर आले. त्यानंतर ज्यांना ज्यांना शक्य झालें त्यांनीं माळवदें उतरवून पत्रे घातले. तें योग्यच झालें. ज्या छपरानें घरांतील माणसें पुरलीं तें छप्पर पुन्हां डोक्यावर कोण घेईल? परंतु पत्र्याखालीं पहिला उन्हाळा आला तेव्हां आमच्या घरांतील एक वृद्ध आजी म्हणाली कीं, माळवदानें एकदां मारलें, हा पत्रा रोज मारतो. तिच्या बोलण्यास मजपाशीं त्या वेळीं उत्तर नव्हतें. चिरडणारें छप्पर व भाजणारें छप्पर या दोहोंपैकीं एक पत्करणें शेतकऱ्यास खरोखरच भाग आहे काय? याचें उत्तर ‘नाहीं’ असें आहे. परंतु तें पटण्यासाठीं उष्णता घरांत कशी शिरते हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

उष्णतेच्या तीन वाटा

उष्णता नेहमीं अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जाते. तिला जाण्यास तीन वाटा आहेत.

पहिली वाट वहनाची. लोखंडी उलथणें तव्यावर राहिलें कीं थोड्याच वेळांत त्याची मूठ हातास चटका देते. उलथण्याचे कण जागचे हालत नाहींत; एक कण शेजारच्यास आपली उष्णता देतो, तो पुढच्यास देतो, आणि अशी ती हातोहात मुठीपर्यंत येते. त्याच उलथण्यास लाकडी मूठ बसविली म्हणजे चटका बसत नाहीं, कारण लाकूड ही देवघेव फार सावकाश करितें. जे पदार्थ उष्णता झटपट पुढें देतात त्यांस सुवाहक व जे सावकाश देतात त्यांस मंदवाहक म्हणतात.

दुसरी वाट अभिसरणाची. चुलीवरील पातेल्यांत तळाचें पाणी तापून हलकें होतें व वर येतें, वरचें थंड पाणी खालीं जातें, आणि पाणीच उष्णता घेऊन फिरूं लागतें. हवेंतही असेंच घडतें. जुन्या माळवदास धूर व उजेड यांसाठीं जें भोंक ठेवीत, ज्यास आपण साणें म्हणतों, त्यांतून चुलीचा धूर आपोआप वर निघून जाई तो याच नियमानें.

तिसरी वाट प्रारणाची. शेकोटीपुढें बसलें असतां तोंड भाजतें व पाठ गारठते. शेकोटीची तापलेली हवा तर सरळ वर जाते. मग तोंड कशानें भाजतें? तापलेली वस्तु आपल्या चोहोंकडे उष्णतेचे किरण फेंकीत असते व ते किरण हवेची मदत न घेतां समोरच्या अंगावर येऊन पडतात. सूर्याची उष्णता पृथ्वीवर येते ती याच वाटेनें.

पत्र्याच्या घराचा विचार करितांना ही तिसरी वाट विशेष ध्यानांत ठेवावी. तापलेल्या पत्र्याखालची हवा तापून हलकी होते व पत्र्यालाच चिकटून राहते. ती आपण होऊन खालीं येत नाहीं. तेव्हां भर दुपारीं पत्र्याखालीं जी आग डोक्यावर जाणवते ती मुख्यतः पत्र्याच्या किरणांची असते. म्हणूनच पंखा लाविला तरी समाधान होत नाहीं. छत ही उलटी टांगलेली शेकोटीच होय.

प्रवाहाचा हिशेब

फूरिये नांवाच्या फ्रेंच गणितज्ञानें इ. स. १८२२ मध्यें उष्णतेच्या वहनाचे नियम आपल्या ग्रंथांत मांडले. आपल्या कामापुरते ते फार सोपे आहेत. भिंतीच्या किंवा छपराच्या दोन बाजूंच्या तापमानांत जितका फरक अधिक, तितकी उष्णता अधिक जाते. क्षेत्र जितकें मोठें, तितकी अधिक जाते. जाडी दुप्पट केली तर त्या थरांतून जाणारी उष्णता निम्मी होते. आणि शेवटचें, पदार्थ कोणता यावर फार मोठा फरक पडतो.

हा फरक किती मोठा आहे हें पाहण्यासारखें आहे. स्थिर हवेच्या एका थरांतून जितकी उष्णता जाते ती १ मानिली, तर तितक्याच जाडीच्या इतर पदार्थांतून ती ढोबळ मानानें पुढीलप्रमाणें जाते: थर्माकोल किंवा कांचेच्या तंतूंचा कापूस, सुमारें दीडपट, दाबून बसविलेलें कोरडें गवत किंवा पेंढा, २ ते ३ पट, कोरडें लाकूड, ५ ते ६ पट, पांढरी किंवा काळी माती, २० ते ३० पट, पक्की वीट, २५ ते ३० पट, सिमेंट कॉंक्रीट, ६० पट किंवा अधिक, काळा दगड, ७० पटींच्या आसपास, आणि लोखंड, सुमारें २,००० पट. पाण्याचा आंकडा २४ च्या जवळ आहे. तो वाचकांनीं मुद्दाम लक्षांत ठेवावा, पुढें त्याचें काम पडणार आहे.

कोंडलेली हवा

या यादींत सर्वांच्या वर हवा आहे, हें पाहून कित्येकांस नवल वाटेल. हवा जर इतकी मंदवाहक आहे तर भोंवतीं हवाच असतां आपण तापतों कां? कारण मोकळी हवा स्थिर राहत नाहीं. ती वहनानें उष्णता नेत नसली तरी अभिसरणानें, म्हणजे स्वतः फिरून, नेते. तिला कोंडलें, तिचे इतके बारीक कप्पे केले कीं फिरण्यास जागाच उरूं नये, म्हणजे मगच तिचा मंदवाहकपणा आपल्या उपयोगीं पडतो.

हें तत्त्व आपल्या घरच्या गोधडींत आहे. गोधडी स्वतः उष्ण नसते. जुन्या लुगड्यांच्या घड्यांमध्यें कोंडलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊं देत नाहीं, इतकेंच. नवी फुगीर गोधडी उबदार लागते व तीच जुनी होऊन दबली कीं थंडी वाजते, याचें कारण कापड झिजलें हें नसून हवा निघून गेली हें आहे. थंडींत पक्षी पिसें फुगवून बसतात तेही हवा कोंडण्यासाठींच. काउंट रम्फोर्ड यानें वस्त्रें, लोकर, पिसें यांवर पुष्कळ प्रयोग करून कोंडलेल्या हवेचें हें महत्त्व दाखविलें, व उष्णतेवरील त्याच्या लेखांबद्दल १७९२ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास कोप्ले पदक दिलें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. ऊब देणारी वस्तु थंडावा कशी देईल, असा प्रश्न मला अनेकांनीं विचारला आहे. बर्फाचा व्यापारी लादी लाकडाच्या भुशांत पुरून वर गोणपाट टाकतो. तो बर्फास ऊब देतो काय? भुसा ना उष्ण ना थंड. तो केवळ उष्णतेच्या वाटेंतला नाकेदार आहे. आंतून बाहेर जाणारीलाही अडवितो व बाहेरून आंत येणारीलाही अडवितो. ज्यास खात्री करून घ्यावयाची असेल त्यानें दोन सारख्या तांब्यांत सारखेंच कढत पाणी घालून, झांकण ठेवून, एक गोधडींत गुंडाळावा व एक तसाच ठेवावा. तासाभरानें बोट घालून पाहिलें म्हणजे पुढील सर्व लेख समजेल. दुसरे दिवशीं तोच प्रयोग बर्फाच्या दोन सारख्या तुकड्यांवर करावा.

माळवद थंड कां असे

आतां आपल्या जुन्या माळवदाकडे वळूं. तुळया, त्यांवर किलचा, त्यावर पाला, व त्यावर फूट-दोन फूट माती असा तो थाट असे. माती कांहीं फार मोठी मंदवाहक नव्हे हें वरील यादींत दिसतेंच. तिचें बळ दोन गोष्टींत होतें. एक, थर फार जाड असे; दुसरें, इतकी माती तापावयास फार वेळ लागे. दुपारचें ऊन वरून मुरत मुरत खालीं पोंचेपर्यंत रात्र होई, व रात्रीं लोक अंगणांत निजत. माळवद उष्णता अडवीत असे तशीच ती सांठवून उशिरानें सोडीत असे.

पण या थंडाव्याचें मोल पाहा. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा खोलीवर दीड फूट माती म्हणजे १५० घनफूट माती. तिचें वजन सहा ते सात टन भरतें. एका लहानशा खोलींत निजलेल्या कुटुंबावर इतकें ओझें टांगलेलें असे.

आतां दुसरी बाजू मांडूं. उष्णता अडविण्यापुरतें बोलावयाचें तर माती गवताहून आठ ते दहा पट अधिक उष्णता जाऊं देते. म्हणजे दीड फूट मातीचा थर जितकी उष्णता अडवितो तितकी अडविण्यास कोरड्या, दाबलेल्या गवताचा दोन इंचांचा थर पुरतो. त्याच खोलीवर त्या गवताचें वजन सुमारें अर्धा क्विंटल होईल. चार इंच घातलें तर एक क्विंटल, आणि रोध माळवदाच्या दुप्पट. सात टन कोठें व एक क्विंटल कोठें! गवतांत मातीसारखी उष्णता सांठविण्याची शक्ति नाहीं हें खरें; परंतु ती उणीव भिंती व जमीन यांनीं बऱ्याच अंशीं भरून निघते. छपरानें सांठवावें असें नाहीं, छपरानें अडवावें एवढें पुरे.

सारांश, आपल्या पूर्वजांनीं जें जडपणानें साधलें तें हलकेपणानेंही साधतें. थंडावा वजनांत नाहीं, कोंडलेल्या हवेंत आहे.

पत्र्याचा दोष

पत्र्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, व तोही लोखंडाचा. तेव्हां वहनापुरतें तो नसल्यासारखाच आहे. वैशाखांत माध्यान्हीं स्वच्छ उन्हांत एक चौरस मीटर जागेवर सूर्याकडून सुमारें १,००० वॅट उष्णता पडते. आपल्या शंभर चौरस फुटांच्या खोलीवर ती नऊ हजार वॅटच्या पुढें जाते, म्हणजे दोन हजार वॅटच्या चार-पांच विजेच्या शेगड्या छपरावर पेटवून ठेविल्यासारखें झालें. यांतील मोठा भाग पत्रा वाऱ्यास व आकाशास परत देतो. तरीही गंजलेला, काळवंडलेला पत्रा ६० अंश सेल्सिअसच्या पुढें सहज तापतो व खालीं किरण फेंकूं लागतो. ढोबळ हिशेबानें अशा वेळीं खोलींत १,३०० ते १,५०० वॅट उष्णता उतरते. एक शेगडी सारी दुपार घरांत जळते आहे असें समजावें. पत्र्याखालीं चार इंच कोरडें गवत व हवेची पोकळी ठेविली तर हाच आंकडा सुमारें दहाव्या हिश्श्यावर येतो. शेगडीच्या जागीं एखाददुसऱ्या जुन्या विजेच्या दिव्याएवढीच उष्णता उरते.

उपाय

आतां प्रत्यक्ष करावयाचें काय तें क्रमानें सांगतों.

पहिला उपाय, वरून पांढरें करणें. आलेली उष्णता अडविण्यापेक्षां ती येऊंच न देणें केव्हांही स्वस्त. नवा स्वच्छ पांढरा रंग उन्हाचा तीनचतुर्थांशाच्या आसपास भाग परत फेंकतो. स्लॅबच्या छतास चुन्याचे दोन-तीन हात पुरतात. पत्र्यास मात्र ओला चुना लावूं नये. तो जस्तास खातो व लवकर पापुद्रे धरून निघतो. पत्रा घांसून, गंज काढून, त्यास पांढरा तैलरंग किंवा उष्णता परतविणारा रंग द्यावा. धूळ बसली कीं गुण कमी होतो, म्हणून दरवर्षीं होळीच्या सुमारास छप्पर धुवावें. तेलंगण सरकारनें २०२३ मध्यें अशा शीतल छपरांविषयीं स्वतंत्र धोरणच जाहीर केलें, यावरून या साध्या उपायाचें महत्त्व ध्यानांत येईल.

दुसरा उपाय, वर सावली करणें. पत्र्यावर तुराट्या, पऱ्हाट्या किंवा उसाचें पाचट पसरण्याची चाल गोठ्यांवर पुष्कळ ठिकाणीं आहे. ती चांगली आहे. मात्र पाचट पत्र्यास चिकटवून न घालतां बांबूंच्या चौकटीवर वीतभर उंच ठेवावें म्हणजे मधून वारा खेळतो. वादळांत उडूं नये म्हणून तें काथ्यानें आवळावें, आणि मृगापूर्वीं उतरवावें, नाहीं तर तें कुजून पत्रा गंजतो. ठिणगी उडण्याजोगी चूल, भट्टी किंवा विजेची उघडी तार जवळ असेल तेथें हा उपाय करूंच नये.

तिसरा उपाय मुख्य आहे, तो खालून छत घालण्याचा. आढ्याच्या व पाखाडीच्या खालीं बांबूच्या तट्ट्या घट्ट बांधाव्या. त्यांवर चार इंच कोरडा थर पसरावा. कडबा महाग आहे व तो जनावरांच्या तोंडचा काढूं नये. जनावरें न खाणारें कुसळी गवत चालतें, आणि जेथें भात पिकतो तेथें भाताचें तूस उत्तम, कारण तें लवकर कुजत नाहीं व भडकून पेटतही नाहीं. मात्र तूस फटींतून गळूं नये म्हणून खालीं गोणपाट अंथरावा. तट्टीस खालून शेणमातीचा गिलावा द्यावा. त्यानें धूळ व उंदीर यांस अटकाव होतो आणि आग धरण्याचा धोका कमी होतो. या थराच्या वर, पत्र्याच्या खालीं, निदान वीतभर पोकळी मोकळी सोडावी, व तिच्या दोन्ही टोकांस जाळी लावून वारा आरपार जाऊं द्यावा. पत्र्यानें तापविलेली हवा तेथूनच बाहेर निघून जाते.

येथें वाचक विचारतील कीं हवा कोंडावयाची म्हणतां व पुन्हां ती मोकळीही सोडतां, हें कसें? दोन हवांचें काम निराळें आहे. गवतांतील हवा स्थिर असावी, कारण तिनें उष्णता अडवावयाची. पोकळींतील हवा वाहती असावी, कारण तिनें उष्णता उचलून न्यावयाची. नुसती बंद पोकळी ठेवून मध्यें कांहींच घातलें नाहीं तर तापलेला पत्रा पोकळींतून किरण फेंकून खालच्या छतासही तापवितो. ज्यास खर्च झेपेल त्यानें चकचकीत अॅल्युमिनियमचा कागद छताच्या वर, चकाकणारी बाजू पोकळीकडे करून लावावा. तो किरण परत पाठवितो. परंतु त्यावर धूळ साचली कीं गुण गेला, म्हणून तो पाखाडीच्या खालच्या अंगास, तोंड खालीं करून लाविला तर अधिक टिकतो. चकचकीत पृष्ठभाग स्वतःही किरण फार थोडे फेंकतो.

बाजारांत थर्माकोल, कांचेचा कापूस, दगडी तंतूंच्या गाद्या असे पदार्थही मिळतात. गुणांत ते गवताहून सरस आहेत. थर्माकोल मात्र उघडा ठेवूं नये. तो लवकर पेटतो व त्याचा धूर विषारी असतो. स्वयंपाकघराच्या वर गवत किंवा थर्माकोल यांपैकीं कांहींही घालूं नये. तेथें न जळणाऱ्या दगडी तंतूंचीच गादी वापरावी, किंवा पांढऱ्या रंगावर भागवावें. जुने अॅस्बेस्टॉसचे सिमेंटी पत्रे ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं ते कापूं, फोडूं किंवा घांसूं नयेत. त्यांची धूळ फुफ्फुसांस घातक आहे.

एक चूक

मीं स्वतः हा प्रयोग प्रथम केला तेव्हां चुकलों, तें सांगितलें तर इतरांचा खर्च वांचेल. पोकळी सोडण्याचा त्रास नको म्हणून मीं तट्टी पत्र्यालाच भिडवून बांधली व मधली सारी जागा गवतानें ठांसून भरली. पहिला उन्हाळा उत्तम गेला. पावसाळ्यांत खिळ्यांच्या भोंकांतून थेंब थेंब पाणी झिरपलें, तें गवतांत मुरलें व वर निघून जावयास वाट मिळाली नाहीं. दिवाळीस घरांत कुबट वास येऊं लागला. तट्टी उघडली तों गवत काळें पडलें होतें, त्यांत उंदरांचीं बिळें होतीं, आणि पत्रा आंतून गंजला होता. दुसऱ्या उन्हाळ्यांत उरलेल्या त्या दबलेल्या थराखालीं खोली पूर्वीइतकीच तापली.

कारण उघड होतें. मघाशीं पाण्याचा जो २४ आंकडा लक्षांत ठेवावयास सांगितला तो येथें लागू पडतो. गवताच्या कप्प्यांत हवेच्या जागीं पाणी शिरलें कीं नाकेदार फितूर झाला. उष्णता सरळ आंत येते. ओली गोधडी पांघरून कोण निजेल? म्हणून आधीं छप्पर गळतें काय तें पाहावें, खिळ्यांखालीं डांबरी चकत्या घालाव्या, आणि मगच गवतास हात लावावा. पोकळी सोडून मीं पुन्हां छत घातलें, त्यास आतां कांहीं वर्षें झालीं. वैशाखांत दुपारीं दोन वाजतां उघड्या पत्र्याच्या व छताच्या अशा लगतच्या दोन खोल्यांत बाजेच्या उंचीवर मापक टांगून पाहिलें असतां चार ते पांच अंशांचा फरक मिळतो. अंगास जाणवणारा फरक याहून मोठा आहे, कारण किरणांचा मारा थांबतो, व तो साध्या हवेच्या मापकावर पुरता उमटत नाहीं.

गोठा व खुराडें

गोठा चोहोंकडून उघडा असेल तर आंतील हवा बाहेरच्याइतकीच तापणार. तेथें छपराचें काम किरण अडविण्याचें आहे. म्हशीची कातडी काळी व तिला घाम आणणाऱ्या ग्रंथि थोड्या, म्हणून ती पाण्यांत बसावयास धांवते. संकरित गाई थंड मुलखांतील रक्ताच्या. उन्हाळा चढला कीं त्या चारा कमी खातात, दूध आटतें व माजावर येणें लांबतें. कोंबडीस तर घामच येत नाहीं. चोंच उघडून धापा टाकणें हाच तिचा उपाय, व तोही पुरेनासा झाला कीं एका दुपारींच शेंकड्यांनीं कोंबड्या मरतात. तेव्हां गोठ्याचें छप्पर उंच ठेवणें, वरून पांढरें करणें व वर पाचटाची सावली घालणें हा खर्च घरच्या सोयीचा नसून धंद्याच्या भांडवलाचा समजावा.

रात्रीचें वर्तन व हिवाळा

छत घातलें म्हणजे सर्व झालें असें नव्हे. रोधक थर उष्णतेची वाट अडवितो, तो उष्णता नाहींशी करीत नाहीं. स्वस्थ बसलेलें एक माणूसही सुमारें १०० वॅट उष्णता बाहेर टाकतें. चूल तर याहून कितीतरी अधिक. ती बाहेर जावयास वाट नसेल तर उत्तम छताखालचीही खोली कोंदट होते. म्हणून नियम असा: सकाळीं आठ-नऊ वाजतां, बाहेरची हवा तापूं लागतांच, उन्हाकडील खिडक्या-दारें लावून घ्यावीं, सूर्यास्तानंतर बाहेर गारवा आला कीं तीं सर्व उघडावीं, म्हणजे भिंती व जमीन रात्रभर थंड होऊन दुसऱ्या दिवसास तयार राहतात. चुलीच्या धुरास मात्र वरची वाट सदैव असावी. पश्चिमेची भिंत पातळ असेल तर तिच्यावर मांडव घालून वेल चढवावा.

हेंच छत हिवाळ्यांतही उपयोगी पडतें. पौषांत पहांटे पत्र्यावरून आंत थेंब गळतात, पाऊस नसतांही. पुष्कळांस याचें कोडें वाटतें. निरभ्र रात्रीं पत्रा आकाशाकडे किरण फेंकून भोंवतालच्या हवेहूनही थंड होतो व माणसांच्या श्वासांतील ओलावा त्यावर दंवासारखा जमतो. तेंच पाणी धान्याच्या पोत्यांवर पडून बुरशी धरते. खालीं छत असलें म्हणजे खोलींतील ओलसर हवा थंड पत्र्यापर्यंत सहसा पोंचत नाहीं, आणि जी पोंचते तिचा ओलावा पोकळींतील वारा घेऊन जातो.

समारोप

वरील विवेचनाचें सार इतकेंच. उन्हास प्रथम वरूनच परतवावें. जें उरेल त्यास कोरड्या, हलक्या व हवा कोंडणाऱ्या थरानें अडवावें. पत्रा व थर यांमध्यें वाहती पोकळी ठेवावी. ओल व आग यांपासून थरास जपावें. आणि रात्रीं घर उघडून तें थंड करावें. यांतील बहुतेक सामान आपल्याच शेतांत व बांधावर आहे, आणि मजुरी घरची आहे.

सर्व घर एकदम करण्याची ऐपत नसेल त्यानें यंदा एकच खोली करावी. ती बैठकीची नसावी, पाहुण्यांचीही नसावी. ज्या खोलींत घरांतील सर्वांत वृद्ध माणूस दुपारीं आडवें होतें, किंवा ज्या खोलींत बाळंतीण व तान्हें मूल आहे, तिच्यापासून आरंभ करावा. उष्म्याचा घाला प्रथम त्यांच्यावरच पडतो. वर ज्या आजीचा उल्लेख केला ती आज नाहीं. तिच्या हयातींत हें मला कळलें असतें तर तिच्या बाजेवर चार इंच गवताचें छत घालावयास दोन दिवसांहून अधिक लागले नसते. ज्यांच्या घरीं अद्याप अशी बाज आहे त्यांनीं पुढील चैत्राची वाट न पाहतां, गवत कोरडें आहे तोंवरच, कामास लागावें.